चक्की चालूच राहिली

खामगावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिठाची चक्की चालवणारे काका नेहमी ओरडूनच बोलतात. त्या घरघरीत दुसरं करणार काय? रविवारी संध्याकाळी नातवाचा फोन आला, की मात्र गिऱ्हाईक ताटकळत असलं तरी ते चक्की बंद करतात. त्यांची लेक इंग्लंडात नर्स आहे. नातू तिथल्या एका फार जुन्या शाळेत, कॅथेड्रलच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चच्या, आवारातच राहून शिकतो आणि रोजच्या प्रार्थनेत गातो. कोवळ्या, वरच्या आवाजात गातो म्हणून फी माफ आहे.

काका त्याला जेवलास का विचारत नाहीत. "गाऊन दाखव, बापू," म्हणतात. वरचा सूर लागला की भुवयांवरचं पीठ पुसत हसतात.

मागे एकदा मला म्हणाले, "कंठ फुटला का गानं बंद. मंग फी कोन भरीन? काढून टाकतीन त्याले." त्यांना इतकं हळू बोलताना मी प्रथमच ऐकलं.

मागच्या आठवड्यात वरच्या सुरावर पोराचा आवाज चिरकला. "सर्दी झाली त्याले," काका मला म्हणाले. मी हो म्हटलं.

काल रविवारी संध्याकाळी माझे गहू चक्कीत होते. फळीवरचा मोबाइल उजळला, नातवाचा फोटो दिसला. काकांनी पाहिला आणि नजर वळवली.

"काका, फोन येऊन राह्यला," मी ओरडले.

"चक्कीत आयकू नाही येत," ते म्हणाले.

गहू केव्हाच संपले होते. रिकामे दगड एकमेकांवर घासून जळका वास सुटला, तरी त्यांचा हात बटणाकडे जाईना.