सकाळी अडणारी गाडी

आमच्या गाडीला क्लच नव्हता, म्हणूनच ती आमच्या घरी आली. जीपच्या अपघातात माझ्या नवऱ्याचा डावा पाय मोडला होता. हाड जुळलं, पण पायात जोर राहिला नाही. पुढं बरीच वर्षं कुठं जायचं म्हटलं की ते कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून जायचे. मग नांदेडच्या ज्या डॉक्टरांनी तो पाय जोडला, त्यांनी आपली जुनी ऑटोमॅटिक गाडी विकायला काढली आणि पहिला फोन ह्यांना केला. डावा पाय नुसता ठेवून द्यायचा, उजव्या पायानं ब्रेक आणि ॲक्सिलरेटर सांभाळायचे, गिअर तिचे ती बदलते. नांदेडहून लातूरपर्यंत हे स्वतः चालवत आले. लोह्याला चहाला थांबलो, तर चहावाल्यानं न विचारताच ह्यांनी त्याला सांगितलं, "मीच चालवून राहिलो."

पुढच्याच उन्हाळ्यात पाण्याचे हाल सुरू झाले. लातूरला रेल्वेनं पाणी आलं तो उन्हाळा. माझी खानावळ होती. क्लासला आलेल्या पोरापोरींचे डबे मी करायचे. जेवण एक वेळ कमी पाण्यात होतं, पण डबे घासायला पाणी लागतंच. टँकर कधी यायचा, कधी यायचा नाही. चाकूरच्या रस्त्याला थोरल्या दिरांचं शेत आहे, तिथल्या बोअरला तेवढी धार होती. थोरल्या जाऊबाईंना आम्ही अक्का म्हणतो. त्या म्हणाल्या, "गाडी हाय न्हवं तुमच्याकडं? रोज सकाळी येत जा. लाईट असंस्तवर भरून घ्या."

मग आम्ही रोज दिवस उगवायला शेतात जायचो. अक्का आणि मी तेलाचे रिकामे कॅन भरायचो, काही डिकीत ठेवायचो, काही मागच्या सीटपुढं पायाशी. झाकणं कुठलीच नीट बसत नव्हती. डिकीत मी पोती अंथरली होती. पायाशी मात्र काही अंथरलं नव्हतं, रबरी मॅट होती तेवढीच.

अशाच एका सकाळी परत येताना गाडीनं खट् करून हिसका दिला. मीटरजवळ एक पिवळा दिवा लागून विझायला लागला आणि गाडी एकदम जड झाली. हे ॲक्सिलरेटर दाबत होते, इंजिन आवाज करत होतं, पण गाडी उचल घेत नव्हती. मागून आलेला ऊसतोडीचा ट्रॅक्टरसुद्धा आम्हाला ओलांडून गेला. ह्यांनी गाडी कडेला घेतली, बंद केली, परत चालू केली. दिवा गेला. गाडी पहिल्यासारखी पळायला लागली.

"काय झालं व्हतं?" मी विचारलं.

"मलाच कळंना," हे म्हणाले.

दोन-चार दिवसांनी परत तेच झालं, आणि मग वरचेवर व्हायला लागलं. ओळखीच्या मिस्त्रीकडं गाडी न्यायची म्हणजे ह्यांची कचेरी सुटल्यावर. तोवर ती अगदी चांगली असायची. मिस्त्री रिंगरोडला एक चक्कर मारून यायचा आणि म्हणायचा, "साहेब, गाडीत काय बी न्हाई." एकदा तो बॉनेट उघडून बराच वेळ बघत बसला. शेवटी म्हणाला, "साध्या गिअरची असती तर खोलून दावलं असतं. हिचं मला न्हाई कळत. गिअरबॉक्सच्या प्लेटा गेल्या असतील. न्हाईतर ऑइल."

दुसऱ्या गॅरेजवाल्यानं पेट्रोलचा पंप सांगितला. ह्यांच्या कचेरीतला एक जण म्हणाला, ऑटोमॅटिक तापली की असंच करते. पण आमची गाडी दुपारच्या उन्हात, आत बसवत नाही इतकी तापलेली असताना, सरळ चालायची. अडायची ती सकाळी, गार हवेत.

मला वाटलं, वजनाचं असेल. एक दिवस शेतात लाईट नव्हती, रिकामे कॅन घेऊन परत आलो. दुसऱ्या दिवशीही लाईट नव्हती. दोन्ही दिवस गाडी अडली नाही. मी म्हटलं, "बघा, वजनच हाय." मग निम्मेच कॅन भरायला लागलो, तर तिसऱ्या दिवशी निम्म्या वजनावरही गाडी अडली. पुढं एकदा तर शेताकडं जाताना, गाडी पूर्ण रिकामी असताना, दिवा लागला. तेव्हापासून मी अंदाज सांगायचं सोडून दिलं.

ह्यांना मात्र वेगळीच काळजी होती. हे तहसीलमध्ये कारकून. त्या दिवसांत उदगीर जिल्हा होणार अशी बातमी सारखी यायची. आज घोषणा, उद्या घोषणा. नव्या कचेरीत कोण कोण जायला तयार आहे, असं साहेबांनी तोंडी विचारून ठेवलं होतं. ह्यांचं शिक्षण उदगीरला झालेलं, मित्र तिकडचे, ह्यांना जायचंच होतं. पण रोज जाऊन-येऊन करायचं तर भरवशाची गाडी पाहिजे. रोज संध्याकाळी हे घरी आले की दोनच विषय असायचे, जिल्हा आणि गिअरबॉक्स. दोन्हीत खरं काय ते कुणालाच माहीत नसायचं.

हळूहळू ह्यांच्या मनात डॉक्टरांविषयी शंका आली. एकदा जेवताना म्हणाले, "त्यांना माहीत असंल का? खराब झाली म्हणूनच काढली असंल."

"तुमचा पाय जोडलाय त्या माणसानं," मी म्हटलं.

"पायाचं वेगळं, गाडीचं वेगळं."

सणासुदीला हे डॉक्टरांना फोन करायचे, तोही बंद झाला. मला ते बरं वाटत नव्हतं. पण ते खोटंच आहे असंही छातीठोक सांगता येत नव्हतं.

शेवटी नांदेडलाच न्यायचं ठरलं. तिथं एक उस्ताद होते, बरीच वर्षं आखातात ऑटोमॅटिक गाड्यांचं काम करून परत आलेले. त्या दिवशीही आम्ही आधी पाणी भरलं, कॅन घरी उतरवले आणि मग निघालो. अहमदपूरच्या पुढं चढाला गाडीनं हिसका दिला. दिवा लागला. ह्यांनी कडेला घेतली. गाडी बंद करून चालू केली. थोडं पुढं गेल्यावर परत तेच. तेव्हा हे सावकाश म्हणाले, "उदगीरला न्हाई म्हणून सांगून टाकतो."

मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली कोरडी रानं होती. नका सांगू म्हणावं, तर गाडीची खात्री मी तरी कुठून देणार होते?

लोह्याच्या पुढं मात्र गाडीनं काही त्रास दिला नाही. नांदेडला पोचेपर्यंत ती इतकी सुरळीत चालली की हे वैतागले. "आता उस्तादांना काय दाखवू?"

उस्तादांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग स्टिअरिंगखाली एक वायर लावली आणि हातातल्या मशीनवर बघत राहिले. म्हणाले, "साहेब, अडल्याची खूण हिच्यात राहते. पण हे मशीन तर एकदम चार-पाच जागी खराबी दाखवून राहिलं. इतकं सगळं एका वक्ताला कसं खराब होईल?"

"मग गिअरबॉक्स गेला?" ह्यांनी विचारलं.

"तसं बी म्हणता येत नाही. ऑइल काळं झालंय, पण जळाल्याचा वास नाही." ते स्वतः गाडी चालवून आले. "आता तर मस्त चालते. खोलायचं म्हटलं तर हैद्राबादला पाठवावं लागंल. आणि काय खोलायचं, ते मला बी अजून कळेना."

हे बाजूच्या लाकडी बाकावर जाऊन बसले. बाहेर ऊन फार होतं, मी गाडीतच पुढच्या सीटवर दार उघडून बसले होते. डोक्याला लावायची पिन काढताना हातातून निसटली आणि सीटच्या खाली गेली. मी वाकून चाचपडायला लागले. पिन सापडली नाही. बोटं तळाच्या गालिच्यात दबली आणि पाणी वर आलं. हात ओला झाला.

"अहो," मी हाक मारली, "इथं खाली वल्लं हाय."

"कॅनचं सांडलं असंल," हे बसल्या जागेवरून म्हणाले.

उस्ताद मात्र मशीन ठेवून आले. "कुठं, भाभी?" त्यांनी हात घातला, मग माझ्याकडं बघितलं. "पाणी कुठून आलं इथं, ह्या दिवसांत?"

मी त्यांना कॅनचं सांगितलं. मागं पायाशी ठेवतो, झाकणं सैल आहेत, रस्ता खराब आहे. ते ऐकता ऐकताच त्यांनी मला उतरायला सांगितलं आणि सीटचे बोल्ट सोडायला सुरुवात केली. सीट बाहेर काढली, गालिचा उचलला. वरून सुकलेला दिसत होता, पण खालचा जाड थर पाण्यानं फुगलेला होता. ओल्या पोत्यासारखा वास आला. त्या थराला टेकून एक चपटी डबी होती आणि तिच्यात वायरींचा जाड जुडगा गेलेला होता.

"गिअर कधी बदलायचा ते ही डबी ठरवते," उस्ताद ह्यांना म्हणाले. जुडगा ओढून काढला, तर आतल्या बारीक पितळी काड्यांवर हिरवट थर चढला होता.

हे बाकावरून उठून आले आणि वाकून बघत राहिले. "म्हणून सकाळी अडायची?"

"सकाळी पाणी सांडतं, डबीला लागतं. दुपारी उन्हानं सुकतं. असं असंल." मग म्हणाले, "असंच असंल, हे मी लिहून देणार नाही."

त्यांनी त्या काड्या घासल्या, डबी उघडून गरम हवेनं सुकवली, गालिच्याखालचा थर बाहेर उन्हात टाकला. काळं ऑइल काढून नवं भरलं. संध्याकाळी आम्ही निघालो तेव्हा ह्यांनी त्यांना विचारलं, "आता नीट चाललीच, तर ती ऑइलनं चालली म्हणायची का सुकवल्यानं?"

उस्ताद हसले. "साहेब, चालली म्हणजे झालं. दोन्ही एकदम केलंय, आता कसं सांगू?"

गाडी चालली. दुसऱ्या दिवसापासून आम्ही सगळे कॅन डिकीतच ठेवायला लागलो, खाली ताडपत्री टाकून. पाणी कमी बसायचं, मग मी एक भाजी कमी केली. पोरांनी कुरकुर केली नाही. पिवळा दिवा लागला नाही.

पंधरवड्यानं मी म्हटलं, "डॉक्टरांना फोन करा." ह्यांना अवघड वाटत होतं, पण केला. मी शेजारीच भाजी निवडत होते, फोनमधला आवाज मला ऐकू येत होता. गाडी अडायची, पिवळा दिवा लागायचा, कॅनचं पाणी लागलं होतं, आता दुरुस्त झाली, असं ह्यांनी सांगितलं.  डॉक्टर म्हणाले, "पिवळा दिवा म्हणता? माझ्याकडं असताना एकदा लागला होता. पावसाळ्यात. आपोआप गेला, म्हणून मी विसरूनच गेलो."

फोन ठेवल्यावर हे माझ्याकडं बघायला लागले. "म्हणजे पाणी आधीपासून कुठून तरी येतच होतं? का आपल्याच कॅनचं?"

"मला काय ठावं," मी म्हटलं.

"त्यांनी लपवलं म्हणायचं का न्हाई?"

"विसरले म्हणाले न्हवं."

ह्यांनी पायाला तेल लावायला घेतलं. चोळता चोळता म्हणाले, "आवाजावरनं तरी खोटं वाटलं न्हाई." दिवाळीला त्यांनी डॉक्टरांना परत फोन केला.

पाऊस झाला, नळाला पाणी आलं, शेतावरच्या चकरा थांबल्या. उदगीर जिल्हा त्या वर्षी झाला नाही, पुढच्याही वर्षी झाला नाही. पण ह्यांनी शेवटी नाही म्हणून सांगितलंच नव्हतं, हे जायला तयार आहेत ते साहेबांच्या लक्षात राहिलं होतं, आणि नेहमीच्या बदलीत ह्यांना उदगीरच मिळालं. सकाळी मी डबे भरत असायचे तेव्हा हे गाडी काढायचे. वळणापर्यंत आवाज नीट येतोय का, ते मी ऐकत राहायचे.