चिरका आवाज

‘बाईंचा आवाजच चिरका आहे’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की शेवटी ते मलाही खरं वाटायला लागलं होतं. आज इतक्या वर्षांनी राग येतो तो आधी स्वतःचाच येतो. वीस दिवस मी ज्येष्ठमध चघळत बसले, मिठाच्या गुळण्या केल्या, घरी चारचौघांत बोलणं बंद केलं. आणि दोष होता एका लॉरीच्या बुडाशी!

दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. आमच्या आरोग्य कचेरीने लष्कराने काढून टाकलेली एक लॉरी घेतली होती. तिच्या टपावर दोन कर्णे, आत गाडीच्या बॅटरीवर चालणारा अँप्लिफायर आणि एक माईक. जिल्हाभर गावोगाव फिरायचं आणि पटकीची लस टोचून घ्या म्हणून सांगायचं, हे काम. माईकवर बोलायला मला घेतलं, कारण पुरुषाच्या हाकेला बायका घराबाहेर येत नव्हत्या. मी मिशनच्या शाळेत साठ मुलांचा वर्ग सांभाळलेली, रविवारी मिशनच्याच देवळात गायलेली. माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा आणि कोणाच्या कानाला लागायचा नाही.

गाडीत आम्ही तिघं. मी, यंत्र सांभाळणारा ऑपरेटर, पुण्याकडचा, कडक इस्त्रीचा, आणि ड्रायव्हर. ड्रायव्हर पाथर्डीकडचे, पन्नाशीचे. लॉरीवर त्यांचा घरच्या बैलासारखा जीव. मी त्यांना काका म्हणायची.

पहिले दोन महिने सगळं झकास चाललं. बेलापुरात तर पेठेतून गाडी सावकाश फिरवत मी बोलले आणि तासाभरात बायकांची रांग लागली. एक म्हातारी चोळीची बाही वर करून थेट माझ्याकडेच आली. म्हणाली, “तू म्हनलीस म्हनून आले, आता तूच टोच.” तिला डॉक्टरांकडे नेऊन उभी केली तरी तिने माझा हात सोडला नाही.

मग दसरा झाला, आणि दसऱ्यानंतर पहिल्याच गावात कर्ण्यातून एक किंकाळी यायला लागली. बॅटरी वाचवायला यंत्र बोलण्यापुरतंच चालू करायचो; मी बोलले की माझ्या शब्दांच्या मागे ती बारीक, उंच, सुईसारखी. गाडीचा वेग वाढला की तीही चढायची. पोरं कानांत बोटं घालून हसायची, बायका दारं लावून घ्यायच्या. मी ऑपरेटरला विचारलं, हे काय आहे? त्याने यंत्राच्या दोन बटणांना हात लावला, रुमालाने हात पुसला आणि म्हणाला, “बाई, बायकांचा आवाज मुळात बारीक. यंत्र तो आणखी बारीक करतं. याला इलाज नाही.”

त्याने गाडीखाली एकदाही डोकावून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पँटला ग्रीस लागलं असतं ना!

मी खालच्या पट्टीत बोलून पाहिलं. माईक लांब धरून पाहिला, तोंडाशी धरून पाहिला. गाडी थांबवून इंजिन बंद ठेवून बोलू द्या म्हटलं, तर बॅटरी उतरते, इंजिन चालूच ठेवायचं असा साहेबांचा हुकूम होता. गावामागून गाव जात होतं आणि टोचून घेणाऱ्यांची संख्या घटत होती. त्याचा जबाब मागितला गेला तो मला.

शेवटी साहेबांनी नगरला कचेरीच्या आवारात गाडी उभी करून आमची परीक्षा घेतली. आधी मी बोलले. किंकाळी आली. साहेबांनी तोंड वाकडं केलं. मग ऑपरेटरने माईक घेतला आणि जणू रंगभूमीवर उभा आहे अशा थाटात, “बंधूंनो आणि भगिनींनो!” म्हणून सुरुवात केली. तीच किंकाळी. तस्सीच! मी साहेबांकडे पाहिलं. साहेब मान डोलवत होते.

“साहेब, आवाज तर आताही येतोय,” मी म्हणाले.

“तो गाडीचा आहे, बाई. गाडी म्हटली की थोडा आवाज यायचाच.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी बोलले की तो माझा गळा, आणि तो बोलला की तीच गाडी! पण मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा मला अजून राग येतो. साहेबांनी तिथल्या तिथे हुकूम टाइप करून माझ्या हातात दिला. ‘सदर बाईंचा आवाज यंत्रास योग्य नसल्याने’ सोमवारपासून माईकवर ऑपरेटर बोलेल, आणि मी कचेरीत बसून टोचणीची यादी उतरून काढीन. त्याआधी शेवगावच्या बाजारात तेवढं मी बोलायचं होतं. दुपारी साहेब स्वतः तिथे येणार होते.

यादी उतरवण्यात मला कमीपणा वाटत नव्हता. पण बेलापूरची ती म्हातारी डोळ्यांसमोरून हलेना. ‘भगिनींनो’ म्हणून ओरडणाऱ्याच्या हाकेला ती उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणार नव्हती, हे मला ठाऊक होतं आणि साहेबांनाही ठाऊक होतं. म्हणून तर मला घेतलं होतं.

शेवगावला आम्ही सकाळी पोचलो. बाजार भरत होता. गाडी लिंबाखाली उभी केली आणि ऑपरेटर चहाला गेला. इंजिन चालू होतं. मी माईक हातात घेतला, दोन वाक्यं बोलले, आणि ती किंकाळी ऐकून माझा तोल सुटला. वायर हिसकून मी माईकची पिन यंत्रातून उपटली. तो माईक बाहेर भिरकावून द्यायचा, मग काय व्हायचं ते होऊ दे, असंच मनात होतं.

हात वर नेला तो तसाच राहिला. माईक माझ्या हातात, पिन लोंबकळतेय, मी तोंड मिटून उभी, आणि टपावरचा कर्णा किंचाळतोच आहे!

“काका, इंजिन बंद करा!” मी ओरडले. त्यांनी बंद केलं. कर्णा शांत.

“आता चालू करा!” किंकाळी परत सुरू.

मला रडू आलं आणि हसूही आलं. मग मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले आणि विचारलं, “काका, हे दसऱ्यापासून सुरू झालंय. दसऱ्याला तुम्ही गाडीचं काय काय केलंत, सगळं सांगा.”

त्यांनी कौतुकाने सांगितलं. “खंडेनवमीला गाडी धुतली. समद्या पट्ट्या, बोल्ट काढलं. आन् दसऱ्याला रंगवली. वरूनच न्हाई, खालून बी. दोन हात दिलं हिरव्या रंगाचं. ही तांब्याची पट्टी लई काळी पडली हुती, ती चिंचेनं घासली. सोन्यावानी झाली, बाई. मग लिंबू-मिरची बांधली, झेंडूचा हार घातला.”

ती तांब्याची विणलेली पट्टी यंत्राच्या पेटीपासून गाडीच्या सांगाड्यापर्यंत जात होती. तिला अर्थिंग म्हणतात आणि ती लोखंडाला घट्ट टेकलेली असली पाहिजे, एवढं मी गाडी नवी आली तेव्हा लष्करातल्या मेकॅनिकच्या तोंडून ऐकलं होतं. ऑपरेटरनेही तेव्हाच ऐकलं होतं. मी वाकून पाहिलं. पट्टी चकचकीत होती, आणि तिच्याखाली, बोल्टखाली, नटखाली जाड हिरवा रंग होता. लोखंडाचा ठिपकासुद्धा दिसत नव्हता.

काकांनी पान्ह्याने बोल्ट सोडला. मी चाकूने रंग खरवडला, मग काचकागद घासला, तेव्हा खालचं लोखंड पांढरं निघालं. पट्टी परत आवळली, इंजिन चालू केलं. कर्ण्यातून नुसती बारीक कुजबुज. मी पिन घालून “आयाबायांनो” म्हटलं आणि पलीकडे मेथीच्या जुड्या मांडणारी बाई एकदम वळली.

काकांचा चेहरा मात्र उतरला होता. “बाई, माज्या हातून झालं हे. तुमी सायबाला सांगू नका. म्यां आपला देव म्हनून रंगवली.”

नाही सांगत, म्हणाले. पण मग मला सुचेना. यंत्र नीट लागलेलं साहेबांनी ऐकलं की ते काय म्हणणार? गुळण्यांचा गुण आला, आवाज सुधारला! त्यापेक्षा यादी उतरवलेली बरी. मी पर्समधून तो हुकूम काढला. पट्टी बोल्टवरून काढली, तिचं टोक लोखंडाला टेकू नये म्हणून हुकुमाच्या कागदात गुंडाळलं आणि तशीच बोल्टखाली दाबून बसवली. काका बघत राहिले. किंकाळी परत आली.

साहेब आले. मागून ऑपरेटरही आला, पान चघळत. मी माईकवर एक वाक्य बोलले. साहेबांचं तोंड वाकडं झालं. मग मी पिन उपटली आणि तोंड मिटून त्यांच्यासमोर उभी राहिले. बाजारातली माणसं जमली होती. कर्णा किंचाळत होता.

“आता कोण बोलतंय, साहेब?” मी विचारलं.

त्यांनी ऑपरेटरकडे पाहिलं. तो बटणांकडे धावला आणि त्याने एक एक फिरवून पाहिलं. काही होईना. मी वाकले, पट्टीच्या टोकाचा कागद हळूच सोडवून मुठीत घेतला, काकांनी पट्टी लोखंडावर आवळली, आणि बाजारात नुसतं इंजिनच ऐकू यायला लागलं.

“ही पट्टी नीट बसलेली नव्हती,” मी म्हणाले. “वीस दिवस. हे पाहणं यांचं काम होतं.”

ऑपरेटर खाली मान घालून उभा. वाटलं, आता साहेब काहीतरी बोलतील. चुकलं म्हणू नका, निदान माझ्याकडे बघून तरी बोला! साहेबांनी घड्याळ पाहिलं. “बरं, झालं ना दुरुस्त? मग वेळ घालवू नका, बाई. बोला. आणि तो हुकुमाचा कागद फाडून टाका, नवा हुकूम काढायची गरज नाही.”

मी बोलले. त्या दिवशी दुपारपर्यंत बायकांची रांग लिंबापासून धान्याच्या ओळीपर्यंत गेली होती, आणि सोमवारीही माईक माझ्याच हातात होता.

कागद मी फाडला नाही. अजून माझ्याकडे आहे. त्याच्या घडीवर ग्रीसचा आणि हिरव्या रंगाचा डाग आहे, आणि खाली साहेबांची सही. माझ्या आवाजाबद्दल त्यात जे लिहिलंय, ते त्यांनी कधी खोडलं नाही.