दहा दिवसांची गोळी, चौदा महिने

गेल्या फेब्रुवारीत एका मंगळवारी सकाळी निवृत्त सुभेदार सावंत आमच्या औषधांच्या खिडकीसमोर उभ्या उभ्या झोपले. टोकन नंबर तीनदा पुकारला. शेवटी रांगेतल्या मागच्या हवालदारांनी त्यांना कोपरानं ढोसलं. "साहेब, तुमची पाळी."

हा मुलुंडमधला माजी सैनिकांचा दवाखाना. मी तिथे फार्मासिस्ट आहे.

"झोप झाली नाही का?" मी विचारलं.

"झोपच झोप आहे, मॅडम. ड्युटीवर पण. एक मेमो मिळालाय."

ते भांडुपच्या एका कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझर आहेत. वॉचमन झोपला तर कुणी मनावर घेत नाही. सुपरवायझर झोपला तर मेमो मिळतो. दुसऱ्या मेमोला नोकरी जाणार होती.

मी त्यांची औषधांची पुस्तिका उघडली. ट्रामाडॉल, दिवसातून तीनदा. ही अफूसारखं काम करणारी वेदनाशामक गोळी. ऑपरेशननंतर थोडे दिवस ठीक. फार दिवस घेतली की गुंगी राहते, पोट साफ होत नाही आणि शरीराला तिची सवय लागते. सुभेदारांचा गुडघा बदलून चौदा महिने झाले होते.

"जुनी पुस्तिका आहे का?"

होती. फौजी माणूस कागद टाकत नाही. तिच्यात सर्जननी स्पष्ट लिहिलं होतं : दहा दिवस.

ती पुस्तिका भरल्यावर क्लार्कनं औषधांची यादी नव्या पुस्तिकेत उतरवली. नवीत औषधाचं नाव आणि डोस एवढेच रकाने. किती दिवस, हा रकानाच नाही. त्यामुळे गोळी नव्या पुस्तिकेत आली, दहा दिवस जुनीतच राहिले. पुढे दर महिन्याला डॉक्टर यादीखाली 'रिपीट ऑल' लिहून सही करत आणि मी गोळ्या देत असे.

ही गोळी कुलपात ठेवतो. चोरी होऊ नये म्हणून वेगळं रजिस्टर आहे. चोर कधी आला नाही. गोळ्या खिडकीतून आम्हीच देत होतो. रजिस्टरमध्ये देणाऱ्याची सही प्रत्येक वेळी माझी आहे.

"गुडघा अजून दुखतो?"

"छे. वर्ष झालं त्याला."

"मग गोळी कशाला घेता?"

"बंद करायचा हुकूम नाही आला."

दोन्ही पुस्तिका घेऊन मी मेडिकल ऑफिसरकडे गेले. ते निवृत्त कर्नल. त्यांना प्रश्न विचारायची आमच्याकडे पद्धत नाही.

"कोणी चालू ठेवलं हे?"

"सर, सही आपली आहे."

त्यांनी चष्मा पुसला. "आजपासून बंद."

"सर, एकदम बंद केली तर त्रास होईल. हळूहळू..."

"सैनिक आहे तो. सहन करेल."

मी खिडकीवर येऊन सुभेदारांना तेच सांगितलं. सुभेदारांनी हुकूम पाळला. शुक्रवारी त्यांची पत्नी त्यांना रिक्षात घालून घेऊन आली.

"ह्यांका थंडी भरली हा. घाम येता, नाक गळता, पोट बिघाडला. एका जाग्यार बसूक नाय."

कर्नलसाहेबांनी मलेरियाची टेस्ट लिहिली. निगेटिव्ह. डेंग्यूची लिहिली. तीही निगेटिव्ह. तिसरी लिहायला पेन उचललं तेव्हा मी म्हणाले, "सर, मंगळवारी आपण गोळी बंद केली होती."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बोलले होते, सर."

त्यांनी सर्जनला फोन लावला. तीन मिनिटं फक्त 'हो, हो' म्हणाले. गोळी परत सुरू झाली, दिवसाला तीन. दर दोन आठवड्यांनी एक कमी करायची. या वेळी तारखांसकट वेळापत्रक लिहून दिलं. सुभेदारांनी ते फ्रिजवर चिकटवलं आणि रोज खूण केली. एप्रिलमध्ये शेवटची गोळी झाली. दुसरा मेमो आला नाही.

मे महिन्यात त्यांची पुस्तिका भरली. क्लार्कनं दुसरीतली जुनी यादी तिसरीत जशीच्या तशी उतरवली, ट्रामाडॉलसकट. खाली 'रिपीट ऑल' आणि कर्नलसाहेबांची सही.

सुभेदारांनी ती खिडकीतून आत सरकवली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. "मॅडम, हा हुकूम मानायचा का?"

मी लाल पेनानं ओळ खोडली आणि त्यांना पुस्तिका घेऊन वर कर्नलसाहेबांकडे सहीला पाठवलं. पाच मिनिटांत सही झाली.

तिसऱ्या पुस्तिकेतही 'किती दिवस' हा रकाना नाही.