ढग गरजले की प्लग काढायचा

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते मलाच नीट कळत नाही.

गोंदियाजवळच्या एका राईस मिलला वजनकाट्याचा प्रोग्राम मी लिहून दिला होता. धानाचा ट्रॅक्टर काट्यावर उभा राहिला की वजन पडद्यावर यायचं, पावती निघायची. कॉम्प्युटरवर बसायची सुषमा, जवळच्या मुर्री गावची. बारावी झालेली, हात चलाख. तिला मीच सांगून ठेवलं होतं — ढग गरजले की प्लग काढायचा. आमच्याकडे विजा फार पडतात, आधीचा कॉम्प्युटर तसाच जळाला होता.

प्रोग्राम पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिलेला. पायथनचं नवं व्हर्जन आलं की आधी स्वतःच्या लॅपटॉपवर तपासायचं, मगच मिलमध्ये टाकायचं — हे माझं काम. करतो, असं मिलमालक शेठजींना सांगायचो. खरं काय? सगळं आपोआप अपडेट होईल असं लावून मी मोकळा झालो होतो. पायथनसकट. कोण दर खेपेला बघत बसणार? आळस, दुसरं काय.

चारपाच वर्षांपूर्वीची गोष्ट. उन्हाळी धानाचे दिवस, आणि सकाळी काट्याचं वजनच येईना. फाटकापर्यंत ट्रॅक्टर लागलेले, दवनीवाड्याची माणसं बोंबलत होती. मी पोचलो आणि लगेच समजलं — आदल्या दुपारी नवं पायथन आपोआप बसलं होतं, पूर्ण, व्यवस्थित. सकाळी प्रोग्राम नव्यानं सुरू केला, तर काट्याकडून वजन घेणारं जुनं पॅकेज त्यावर चालेना. चूक सरळ माझी. पण शेठजी माझ्या मागेच उभे. आणि मी काय बोललो? — चालू कॉम्प्युटरचा प्लग कुणीतरी ओढलाय, म्हणून बिघडलं.

"मीच काढला जी. काल संध्याकाळी ढग गरजून राह्यले होते," सुषमा म्हणाली.

तुम्हीच सांगितलं होतं, असं काही ती म्हणाली नाही. मी वाट पाहत होतो, म्हणेल म्हणून. ती नुसती आपल्या हातांकडे बघत राहिली.

जुनं पायथन परत बसवलं, आपोआपचं बंद केलं. दुपारी काटा सुरू. "तुम नहीं होते तो आज काम बैठ जाता," शेठजी म्हणाले. मी चहा प्यायलो. सुषमाला दुसऱ्या दिवसापासून पोती शिवायला बसवलं. अजून तिथंच आहे. त्यानंतर मी कितीदा तरी मिलमध्ये गेलो — दोन वाक्यांचं तर काम होतं. आधी लाज वाटायची. मग तीही कमी झाली.

या उन्हाळ्यात तिनं मला फाटकाजवळ थांबवलं. तेव्हा शाळेत असलेली तिची मुलगी आता कॉलेजात कॉम्प्युटर शिकते.

"दादा, पोरीले शिकवा जी. पण प्लग कधी काढायचा नाही, ते पयले सांगा. माह्या हातानं झालं, तसं तिच्या हातानं नको व्हायले."

मी बरं म्हणालो. मुलगी रविवारी घरी येते, हुशार आहे. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं — आईच्या हातून तेव्हा नेमकं काय बिघडलं होतं?

मी तिला प्लगचंच सांगितलं.