मिरजेच्या पेशंटला इंजिन

आजवर मी एकाच माणसाला दवाखान्यात बघायला गेलो आहे, आणि त्याची माझी ओळख नव्हती.

मला खेळण्यातल्या नव्हे, हुबेहूब छोट्या आगगाड्यांचं वेड आहे. (वय बावन्न. केस गेले, वेड राहिलं.) आमच्या लोणंदच्या घरात पलंगाखाली रूळ आणि माळ्यावर स्टेशन! शेवटी दिवाळीत बायकोनं तिच्या वडिलांसमोर माझ्याकडून शब्द घेतला, की आता एकही इंजिन घरात येणार नाही. सासरे माजी सुभेदार. त्यांना दिलेला शब्द मोडायचा म्हणजे कोर्टमार्शलच!

तरी सांगलीला सासरी जाताना साताऱ्यात कंदी पेढ्यांच्या निमित्तानं एक दुकान पालथं घातलंच. तिथं नुसतं प्लॅस्टिक. सांगलीत पोचल्यावर 'गणपतीला जाऊन येतो' म्हणून सटकलो, आणि दुसऱ्या दुकानात ते दिसलं. काळंभोर, सेलवर पळणारं, धूर सोडणारं इंजिन! घेतलं. दुकानदाराशी रुळांवर बोलता बोलता तीन तास गेले.

परतलो तर दारात सासरे.

"जावईबापू, गणपतीला येवडा येळ?"

मी इंजिनाचं खोकं पाठीमागं धरलं. "नाही मामा, मिरजेला गेलो होतो. ओळखीचे एक काका ॲडमिट आहेत."

"आणि हे खोकं?" बायको.

"मोसंबी! काका झोपले होते, द्यायची राहिली."

इथंच चुकलो. जावयाचा माणूस दवाखान्यात आहे म्हटल्यावर आमच्या सासरी कोण स्वस्थ बसणार? सासऱ्यांनी टोपी चढवली. सासूबाईंनी मऊ भाताचा डबा भरला.

"चला, बघून येऊ. त्येंना बघितल्याबिगर घास उतरायचा न्हाई," त्या म्हणाल्या.

रिक्षात मी पुढं ड्रायव्हरशेजारी आणि खोकं बायकोच्या मांडीवर! मिरजेत दिसलेल्या पहिल्याच दवाखान्यासमोर मी रिक्षा थांबवली, जनरल वॉर्डात घुसलो, आणि एकटाच पडलेला एक म्हातारा हेरून थेट त्याच्या पाया पडलो.

"काका, बरं वाटतंय का आता?"

"कोन रं तू?" म्हातारा दचकला.

"औषधाची गुंगी," मी सासऱ्यांना घाईघाईनं सांगितलं.

तेवढ्यात बायकोनं खोकं त्याच्या हातात दिलं. "काका, मोसंबी आणलीत."

म्हाताऱ्यानं ते तिथंच उघडलं.

"पेशंटला इंजन?" सुभेदार कडाडले.

"त्यांना... लहानपणापासून आवड आहे," मी पुटपुटलो. आता मेलो!

म्हाताऱ्यानं माझ्याकडं पाहिलं, इंजिनाकडं पाहिलं, सासूबाईंच्या हातातल्या डब्याकडं पाहिलं.

"व्हय, व्हय. लय आवड हाय!" तो म्हणाला आणि इंजिन उशीखाली सरकवलं.

मी वाचलो, इंजिन गेलं. म्हातारा बरा होऊन गावी परतला. सासऱ्यांचा हुकूम आहे, की 'काकांकडं' महिन्याला एक चक्कर टाकायची. मी मोसंबी घेऊन जातो. तो अंगणात माझं इंजिन पळवत बसलेला असतो.

परवा धीर करून म्हटलं, "काका, एक फेरी मी सोडू?"

"नगं पाव्हणं, सेल संपतोय. आन् फुडल्या बारीला मोसंबी नगं, गाडीला दोन डबं आना."

हे घरी सांगितलं, तर बायकोचे डोळे पाणावले. "आणा हो. म्हाताऱ्या माणसाची हौस!"

आता मी दिवसाढवळ्या, बायकोच्या परवानगीनं, गावोगावची दुकानं पालथी घालतो. गाडी तेवढी माझी नाही!