लिफ्टच्या दारातला पाय

आमच्या जयनगरच्या इमारतीत तळमजल्यावर बेळगावकडचे एक काका राहतात. मी ऑफिसातून दमून आले, की लिफ्टच्या दारात पाय रोवून म्हणतात, "स्वल्प थांब गं, एवढा व्हिडिओ बघून जा." फोन हातात देत नाहीत. मांजर पडायच्या आधीच "आता पडतंय बघ!" म्हणून सगळी मजा घालवतात. स्वतः व्हिडिओ बघतच नाहीत, माझ्या तोंडाकडे बघत राहतात.

काल वैतागून मी आधीच हसून टाकलं. स्क्रीनवर अजून नुसतं चक्र फिरत होतं.

"सुरूच झाला नाही की गं अजून," म्हणत त्यांनी हळूच पाय काढून घेतला.

आज काका तिथेच उभे होते, पण फोन खिशात होता. लिफ्ट न अडता वर आली. माझी चिडचिड मात्र रोजच्याहून जास्त झाली.