न विचारता केलेलं कौतुक

भिलाईच्या सेक्टर सहामधल्या मराठी बायकांच्या हळदीकुंकवात दरवर्षी कुणाला तरी बोलायला उभं करतात. यंदा माझी पाळी होती. मी कॉलेजात इंग्रजी शिकवते, त्यामुळे विषयही तोऱ्यातच निवडला: एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन रंगभूमीवरच्या नट्या. आठवलं की अजून तोंड लपवावंसं वाटतं.

बायकांनी ऐकलं मात्र मनापासून. गावोगाव रेल्वेने फिरणाऱ्या, पोशाख पदरमोड करून शिवणाऱ्या त्या नट्या. रात्री टाळ्या वाजवणारी माणसं सकाळी त्यांना भाड्याने खोली द्यायला का कू करायची. काहीजणी लग्न करून दुसऱ्या गावी गेल्या की जुनं आयुष्य शेजारणीलाही कळू देत नसत. हे सगळं मी रंगवून सांगितलं आणि त्याच भरात म्हणाले, "अशी एक नटी आज इथे बसली आहे. माझी आई."

लग्नाआधी आई झाडीपट्टीच्या नाटकांत काम करायची. पूर्व विदर्भात दिवाळीनंतर खेड्याखेड्यांत रात्रभर चालणारी ही नाटकं. बाबा भिलाईच्या पोलाद कारखान्यात लागले, आई इथे आली, आणि आमच्या नेहरू नगरात ती सगळ्यांना भजनी मंडळातली काकू म्हणूनच माहीत होती. नाटकाचं ती कुणाला का सांगत नाही, हे मी कधी विचारलंच नव्हतं. मला वाटलं, मी तिचा सन्मान करतेय.

टाळ्या पडल्या. मग मागून कुणीतरी म्हणालं, काकू, एखादी लावणी होऊन जाऊ द्या. मोबाइल वर झाले. आईने हातातलं वाण बाजूला ठेवलं, पदर खोचला, दोन ओळी म्हटल्या, एक गिरकीही घेतली. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं आणि मी मूर्खासारखी ताल धरत होते.

परत येताना स्कूटरवर किती छान केलंस, असं मीच दोनदा म्हटलं. घरी फाटक लावता लावता ती म्हणाली, "तुले अभिमान वाटला, समजते मले. पण ते स्टेज मी माह्या मर्जीनं सोडलं होतं. तुनं मले न विचारता चढवलं. आता उतरू कशी, सांग."

मला शरमेने वर बघवेना.

मंगळवारी आईच्या भजनी मंडळातून भजनाचं बोलावणं आलं. फोनवरच्या बाईंनी हसत विचारलं, ढोलकीवाला सांगून ठेवू का? आईला बरं नाही, असं मी खोटंच सांगितलं.